कंपवात आणि त्वचेचे तेल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ह्या वर्षीच्या संमेलनात आरोग्यविषयक एखादे व्याख्यान व्हावे अशी इच्छा कार्यकारी मंडळाने प्रकट केली, तेव्हा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे नित्याचे विषय आमच्यापुढे उभे राहिले. त्या विषयांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणारांसही ते आता बव्हंशी पाठ झाले आहेत. म्हणून आम्ही एक लहानसा, उपेक्षित, परंतु ज्या घरात तो उद्भवतो त्या घरास फार क्लेश देणारा विषय निवडला आहे. कंपवाताच्या, म्हणजे ज्यास पार्किन्सनचा विकार म्हणतात त्याच्या, रुग्णाचा चेहरा व डोके तेलकट का होते, औषधांचा त्या तेलाशी काय संबंध आहे आणि घरच्या मंडळींनी त्याबाबत काय करावे, हा तो विषय होय.

हाताचा कंप सर्वांना दिसतो आणि त्याबद्दल सर्वांना कणवही वाटते. चेहऱ्यावरील तेल मात्र कोणासच रोगाचे लक्षण वाटत नाही. समाचारास आलेल्या पाहुण्यांपैकी एक म्हणतो, “अण्णांच्या तोंडावर तेज चांगले आहे हो!” आणि दुसरा जिना उतरता उतरता म्हणतो, “म्हाताऱ्यास आंघोळसुद्धा घालीत नाहीत वाटते.” पहिले बोलणे निदान निरुपद्रवी आहे. दुसरे फिरत फिरत सुनेच्या कानी येते. त्या बिचारीने सकाळी तासभर खपून सासऱ्यांना न्हाऊ घातलेले असते. दुपार होण्यापूर्वीच कपाळ पुन्हा चकाकू लागते, नाकावरून चष्मा घसरू लागतो, भुवयांत पिवळट खवले दिसू लागतात आणि उशीच्या अभ्र्यावर डाग उमटतो. ह्यात तिचा काय अपराध? आणि ज्यांच्या तोंडावर हे तेल येते त्यांचा तरी काय? आमच्या व्यवसायात ह्या एका गोष्टीवरून घरात धुसफूस झालेली आम्ही अनेकदा पाहिली आहे, म्हणून तिचा उलगडा थोडा विस्ताराने करणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम हे तेल म्हणजे काय ते पाहू. आपल्या त्वचेत केसांच्या मुळांलगत लहान लहान ग्रंथी असतात. त्यांस स्नेहग्रंथी म्हणतात. तळहात व तळपाय वगळता त्या जवळजवळ सर्वांगावर आहेत. तथापि त्यांची खरी दाटी डोके, कपाळ, नाकाच्या दोन्ही बाजू, छातीचा मध्य आणि पाठीचा वरचा भाग येथे असते. डोक्यावर व चेहऱ्यावर एका चौरस सेंटिमीटरात ४०० पासून ९०० पर्यंत ग्रंथी मोजल्या गेल्या आहेत. पुष्कळ लोक घाम आणि हे तेल ह्यांची गल्लत करतात. घामाच्या ग्रंथी निराळ्या. घाम पाण्यासारखा, मज्जातंतूंची आज्ञा होताच सुटणारा. तेलाची तऱ्हा वेगळी. स्नेहग्रंथीतील पेशी हळूहळू स्निग्ध द्रव्याने भरत जातात आणि अखेर स्वतःच फुटून ते द्रव्य बाहेर सोडतात. पेशी स्वतः नाहीशी होते तेव्हा तेल होते. ह्या सगळ्या क्रियेस दोन-तीन आठवडे लागतात. हा अवधी ध्यानात असू द्यावा. औषध आज बदलले आणि तेल उद्या हटले नाही म्हणून वैद्य बदलणारे लोक आपल्यात थोडे नाहीत.

ह्या ग्रंथींवर मुख्य अंमल चालतो तो पुरुषी संप्रेरकांचा. मुले वयात येताना त्यांच्या तोंडावर तेल व तारुण्यपीटिका येतात त्या ह्याच कारणाने. स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर तेल उतरू लागते; पुरुषांत ते बऱ्याच उतारवयापर्यंत टिकते. तेव्हा सत्तरीच्या आजीबाईंचे कपाळ तुपाचा हात फिरविल्यासारखे दिसू लागले तर ती गोष्ट नुसत्या वयाची नव्हे, एवढे समजून असावे.

आता रोगाकडे वळू. लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन ह्या गृहस्थांनी १८१७ साली ह्या विकारावर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेले रुग्ण अवघे सहा, आणि त्यांपैकी काही तर त्यांनी केवळ रस्त्याने जाताना पाहिलेले! तरीही थरथर, पुढे झुकलेले शरीर, अडखळत सुरू होऊन धावत जाणारी चाल ह्यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचावे असे आहे. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसचे शार्को ह्यांनी विकारास पार्किन्सनचे नाव दिले. त्वचेच्या तेलाकडे वैद्यकाचे लक्ष जोराने वेधले गेले ते मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळात. १९१७ साली व्हिएन्नाच्या फॉन एकोनोमो ह्यांनी मेंदूच्या एका साथीच्या दाहाचे वर्णन केले. ह्या साथीत माणसे दिवसच्या दिवस झोपून राहात. पुष्कळ दगावली, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना काही महिन्यांनी वा वर्षांनी कंपवातासारखा विकार जडला. त्यांचे चेहरे इतके तुकतुकीत व चिकट दिसत की जर्मन भाषिक डॉक्टरांनी त्यांस ‘मलमी चेहरा’ असेच नाव ठेवले. मलम चोपडल्यासारखा, वर भावहीन, न हलणारा. आजच्या नेहमीच्या कंपवातात तो प्रकार त्या मानाने सौम्य असतो, पण असतो.

ह्या विकारात मेंदूच्या मध्यभागातील काळसर रंगाच्या काही पेशी नष्ट होत जातात. ह्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करितात आणि त्याच्या योगाने आपल्या हालचालींत सहजता येते. डोपामिन घटले की हालचाल मंद होते, अंग ताठरते, हात कापू लागतात. पण मेंदूतील द्रव्य आणि कपाळावरील तेल ह्यांचा संबंध काय? ह्यास तीन उत्तरे दिली गेली आहेत. पहिले असे की, मस्तकाच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून त्वचेच्या रंगावर परिणाम करणारे एक संप्रेरक निघते. डोपामिन त्यास आवरून धरते, आणि डोपामिन घटले की ते मोकळे सुटून स्नेहग्रंथींना चेतविते. ज्यांचा कंप शरीराच्या एकाच बाजूस आहे अशांच्याही कपाळाच्या दोन्ही बाजूंना तेल सारखेच आढळले, हा ह्या मतास आधार. दोष एका बाजूच्या मज्जातंतूंत असता तर तेलही एका बाजूस वाढते. दुसरे उत्तर असे की, ह्या विकारात आपल्या इच्छेवाचून चालणारी, म्हणजे स्वायत्त, मज्जासंस्थाच बिघडते. घाम, लाळ, मलावरोध, उठताना येणारी भोवळ ह्या सर्वांप्रमाणे तेल हाही त्याच बिघाडाचा भाग होय. तिसरे उत्तर अगदी साधे आहे. ह्या रुग्णांचा चेहरा हलत नाही, हात तोंडावरून फिरत नाही, तोंड धुणेही मनासारखे होत नाही. म्हणून आलेले तेल जागच्या जागी साचते. चेहऱ्याच्या एका बाजूस अर्धांग झालेल्या माणसास त्याच बाजूवर कोंड्याचे चट्टे उठल्याचे वैद्यकात नमूद आहे, त्यावरून ह्या उत्तरासही वजन आहे हे दिसते.

ह्या तिहींपैकी एकच खरे आणि बाकीची खोटी असे मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. शिवाय एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर असे दिसून आले आहे की, कंपवाताच्या सर्वच रुग्णांत तेल वाढलेले नसते. कित्येकांत ते चारचौघांइतकेच असते आणि काहींत तर कमीही. तेव्हा ‘तेल आले म्हणजे कंपवात’ असा उलटा हिशेब कोणी करू नये, आणि ‘तेल नाही, म्हणजे कंपवात नव्हे’ असाही करू नये.

तेल मोजतात कसे, हे ऐकून आपणांस गंमत वाटेल. अमेरिकेतील स्ट्राउस व पोची ह्या त्वचातज्ज्ञांनी १९६१ साली त्याची रीत घालून दिली. कपाळ स्वच्छ पुसून त्यावर सिगारेटीचा पातळ कागद तीन तास बांधून ठेवावयाचा आणि त्यात शोषले गेलेले तेल ईथरने काढून तराजूत तोलावयाचे. कामाची चीज बहुधा स्वस्तच असते.

असे मोजण्याची सोय झाली त्याच दशकात कंपवातावरील खरे औषधही हाती आले. १९५७ साली स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन ह्यांनी सशांना रेसर्पिन हे औषध देऊन निश्चल केले आणि मग लेव्होडोपा हे द्रव्य देऊन त्यांस पुन्हा हालते केले. ह्या कार्यासाठी त्यांना पुढे २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६१ साली व्हिएन्नाच्या बिर्कमायर व हॉर्निकिएविच ह्यांनी लेव्होडोपा रुग्णांना शिरेतून दिले, आणि १९६७ साली अमेरिकेतील कोत्झियास ह्यांनी ते पोटातून, मात्रा हळूहळू वाढवीत देण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली. मेंदूत पोहोचून ह्या द्रव्याचे डोपामिन होते. आज ते कार्बिडोपासारख्या जोडीदार औषधाबरोबर दिले जाते, म्हणजे वाटेतच खर्च न होता ते मेंदूपर्यंत जाते.

लेव्होडोपा सुरू झाल्यावर कंप-ताठरपणाबरोबर तोंडावरचे तेलही घटते काय, हा प्रश्न इंग्लंडातील बर्टन व शुस्टर ह्यांनी हाती घेतला आणि त्याचे उत्तर १९७० साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात दिले. ज्यांचे तेल मुळात वाढलेले होते त्यांच्यात ते ह्या औषधाने कमी झाले. मात्र ज्यांचे प्रमाण आधीच बेताचे होते, त्यांच्यात असा फरक पडत नाही. ह्याचा अर्थ लेव्होडोपा हे काही तेल सुकविण्याचे औषध नव्हे. रोगामुळे जो अतिरेक झाला तेवढाच ते आवरते, तोही पूर्णपणे नव्हे व प्रत्येकात सारखा नव्हे. म्हणून केवळ कपाळ चकाकते एवढ्यावरून गोळ्यांची संख्या वाढवून घेण्याचा आग्रह कोणी धरू नये. मात्रा ठरते ती चालण्या-बोलण्यावरून, तेलावरून नव्हे. आणि गोळ्या मनाने एकाएकी बंद करणे ही तर अत्यंत धोक्याची गोष्ट आहे. अंग लाकडासारखे ताठरून प्रचंड ताप चढतो आणि प्राणावरही बेतू शकते.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी आम्ही मागतो, कारण ह्या इतिहासात आपल्या देशाचाही वाटा आहे. वर ज्या रेसर्पिनचा उल्लेख आला ते सर्पगंधेच्या मुळीतून निघते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि त्यानंतर ह्या वनस्पतीकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काहींना कंपवातासारखी लक्षणे होऊ लागली, आणि त्याच धाग्याने डोपामिनचा शोध पुढे सरकला. दुसरी वनस्पती आपल्या कुंपणावरची खाजकुइली. आयुर्वेदात हिला कपिकच्छू व आत्मगुप्ता अशी नावे आहेत. हिच्या बियांत प्रत्यक्ष लेव्होडोपाच असतो, हे दामोदरन व रामस्वामी ह्या आपल्याच शास्त्रज्ञांनी १९३७ साली दाखविले. आपल्या वैद्यकाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु बियांच्या चूर्णात औषधाचे प्रमाण दर वेळी सारखे असत नाही, म्हणून डॉक्टरांना न सांगता गोळ्या आणि चूर्ण दोन्ही घेणे म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेली मात्रा घेणे होय. चूर्ण घ्यावयाचे असेल तर तसे स्पष्ट सांगून घ्यावे. लपविण्यासारखे त्यात काय आहे?

आता ह्याची दुसरी बाजू. काही औषधे डोपामिनचे काम अडवितात आणि त्यामुळे कंपवात नसलेल्या माणसासही कंप, ताठरपणा व तेलकट चेहरा आणतात. मानसिक आजारावरील हॅलोपेरिडॉलसारखी औषधे ह्या गुणाविषयी प्रसिद्धच आहेत. पण आमचा रोख त्यांच्यावर नाही, कारण ती तज्ज्ञांच्या नजरेखाली दिली जातात आणि त्यांची त्या रुग्णांना गरज असते. आमचा रोख आहे तो घरोघरी डब्यात पडून असणाऱ्या गोळ्यांवर. ओकारीसाठी मेटोक्लोप्रामाइड, भोवळीसाठी सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिन वा प्रोक्लोरपेराझिन, आणि आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये गुपचूप बसलेले लेव्होसल्पिराइड! एका दुखण्यासाठी पंधरा दिवस लिहून दिलेली गोळी शेजारच्या औषधाच्या दुकानातून वर्ष-वर्ष आणून घेतली जाते, आणि पुढे आबांचा हात कापू लागला, तोंड तुळतुळीत झाले, म्हणजे कंपवात झाला म्हणून सारे घर हवालदिल होते. अशा पुष्कळ रुग्णांत ते औषध थांबविल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लक्षणे ओसरतात. म्हणून वैद्याकडे जाताना घरातील सर्व औषधे, आम्लपित्ताचीसुद्धा, एका पिशवीत भरून न्यावीत. पिशवीभर औषधे पाहून डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर दुसरा डॉक्टर पाहावा.

कंपवातावरील इतर औषधेही त्वचेवर आपापल्या खुणा उमटवितात. लेव्होडोपाने कधी घाम व लघवी काळसर होते आणि बनियनवर डाग पडतात. ते घाबरण्यासारखे नव्हे. ॲमँटाडिन हे मूळचे फ्लूवरील औषध. बॉस्टनच्या एका रुग्ण स्त्रीने ते त्यासाठी घेतले आणि तिचा कंप कमी झाला, तेव्हा १९६८-६९ च्या सुमारास त्याचा हा गुण कळला. त्याने पायांवर जांभळट जाळीसारख्या रेषा उमटतात आणि घोट्यांना सूज येते. जाळी निरुपद्रवी असते, सूज मात्र डॉक्टरांना दाखवावी. ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडे पडते व घाम कमी येतो. घाम कमी आला म्हणून कोणी आनंद मानील. पण नागपूर-अकोल्याच्या वैशाखात ज्यास घाम येत नाही त्याचे अंग भट्टीसारखे तापते, शिवाय वृद्धांना हे औषध विसराळू व भ्रमिष्टही करते. एक गोष्ट अधिक सांगतो. ह्या रोगाच्या रुग्णांत मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग इतरांपेक्षा काहीसा अधिक आढळतो. पूर्वी त्याचे खापर लेव्होडोपावर फोडीत, पण औषध सुरू होण्यापूर्वीही तो संबंध दिसतो, तेव्हा औषधास दोष देता येत नाही. आपल्या लोकांत हा कर्करोग विरळा आहे. असला तर पुष्कळदा तळपायावर वा नखाखाली असतो. पाय धुताना तेथे नवा काळा डाग दिसला तर दाखवून घ्यावा, इतकेच.

आता उपायांकडे येऊ, आणि येथे आम्हांस आपल्या घरांतील एका लाडक्या रीतीविरुद्ध बोलावे लागणार आहे. डोक्यात कोंडा झाला की आपण काय करितो? तेल थापतो! “डोके कोरडे पडले आहे, म्हणून खवले सुटतात” अशी आपली समजूत. वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. आपल्या सर्वांच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाचा एक सूक्ष्म बुरशीजन्य जीव राहात असतो आणि स्निग्ध द्रव्य हेच त्याचे अन्न. तेल वाढले की तो माजतो, त्वचा लाल होते, खाज सुटते आणि डोके, भुवया, नाकाच्या घड्या, कानामागची जागा येथे पिवळट, चिकट खवले धरतात. अशा डोक्यावर खोबरेल ओतणे म्हणजे त्या जीवास पंगत वाढणे होय. ज्या आईने जन्मभर मुलाच्या टाळूवर तेल घातले तिला हे पटविणे कठीण, हे आम्ही जाणतो. तिने हाता-पायांस खुशाल तेल लावावे. तेथे ग्रंथी विरळ असल्याने वृद्धांची कातडी कोरडीच असते आणि ताठरलेल्या सांध्यांना चोळण्याने बरे वाटते. नरक चतुर्दशीचे अभ्यंगही चुकवावयास नको. फक्त डोके व तोंड वगळावे, आणि तेल लावलेले पाय मोरीच्या फरशीवर टेकू देऊ नयेत. कंपवाताच्या रुग्णाचा तोल आधीच गेलेला असतो. तेलाच्या पायाने न्हाणीघरात पडून मांडीचे हाड मोडण्यापेक्षा अंग कोरडे राहिलेले बरे. बसावयास स्टूल आणि भिंतीला धरावयास दांडा, एवढा खर्च कोणत्याही घराने करावा.

डोक्यासाठी दोन टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, लावून पाच मिनिटे ठेवून, मग धुवावा. महिनाभरात खवले गेले तर पुढे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पुरे. तो फेस भुवयांनाही लागू द्यावा, डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये. झिंक पायरिथिओन वा सेलेनियम सल्फाइड असलेले शाम्पूही चालतात. पण हा उपाय म्हणजे कायमची सुटका नव्हे. तेल येत राहते, म्हणून धुणेही चालूच ठेवावे लागते. चेहरा दिवसातून दोनदा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा, मधे ओल्या पंचाने टिपावा. डाळीचे पीठ जुन्या पद्धतीप्रमाणे लावण्यास आमची हरकत नाही, मात्र लाल झालेल्या कातडीवर ते घासू नये. खवले नखाने वा दगडाने खरवडू नयेत. औषधाच्या दुकानातून कोणी ‘सर्वांवर लागू’ म्हणून मिश्र मलम देईल; त्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड असते, चार दिवस चेहरा स्वच्छ होतो आणि चार महिन्यांनी कातडी पातळ, लाल व पुटकुळ्यांनी भरलेली होते. सौम्य स्टेरॉइड डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात ते निराळे.

डोळ्यांकडे विशेष लक्ष पाहिजे. निरोगी मनुष्य मिनिटास पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. हा रुग्ण त्याहून पुष्कळच कमी. पापण्यांच्या कडांनाही तेलाच्या ग्रंथी आहेत, त्यांत तेल साचते, कडा सुजतात, सकाळी डोळे चिकटतात, दिवसभर चुरचुरतात. स्वच्छ फडके कोमट पाण्यात पिळून पाच मिनिटे मिटल्या डोळ्यांवर ठेवावे आणि मग कडा हलकेच पुसाव्यात. ह्या क्षुल्लक उपायाने वर्तमानपत्र पुन्हा वाचता येऊ लागलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

दाढीचा प्रश्न पुरुषांना फार लागतो. कापऱ्या हाताने वस्तरा चालत नाही, आणि दुसऱ्याकडून दाढी करून घेण्याचा संकोच वाटतो. विजेचे यंत्र घ्यावे आणि सकाळच्या गोळीचा अंमल चढल्यावर, हात स्थिर असताना, त्यांचे त्यांना करू द्यावे. वेळ लागेल, लागू द्यावा. भावहीन चेहरा पाहून आतला मनुष्यही निर्विकार झाला आहे असे घरची लहान मुले समजतात, आणि मोठीही समजतात. तसे नसते. आपले तोंड चिकट आहे, लोक जवळ बसत नाहीत, हे त्यास पुरते कळत असते. फक्त एक गोष्ट कळत नाही. ह्या विकारात पुष्कळांची घ्राणशक्ती मंदावते, म्हणून डोक्यास वास येतो हे ध्यानी येत नाही. ते चारचौघांत बोलून न दाखविता वेळेवर डोके धुऊन देणे हे ज्याचे त्याने जाणावे.

आपल्या समाजात ह्या विकाराभोवती आणखी एक भय आहे, त्याचा उच्चार येथेच करितो, कारण ह्याच स्मरणिकेच्या मागील पानांवर विवाहेच्छू मुलामुलींची माहिती असते. घरात कंपवात आहे हे कळले तर मुलीचे जमणार नाही, ह्या धास्तीने वडिलांना आतल्या खोलीत बसविणारी कुटुंबे आहेत. तेलकट, निश्चल चेहरा पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून हा आटापिटा. बहुसंख्य रुग्णांत हा विकार थेट वंशपरंपरेने आलेला नसतो. एखाद्या विशिष्ट जनुकामुळे तो झालेली कुटुंबे थोडी आहेत. आतल्या खोलीत बसविलेला मनुष्य चालावयाचे विसरतो, बोलावयाचे विसरतो आणि औषधाचा उपयोग अर्धा होतो. स्थळ पाहावयास येणारांनी वडील बाहेर का दिसत नाहीत असे विचारावे. दिसले तर नमस्कार करावा.

शेवटी ह्या तेलासंबंधी अलीकडे उघडकीस आलेली एक विलक्षण गोष्ट सांगावयाची राहिली. स्कॉटलंडमधील पर्थ येथील जॉय मिल्न ह्या परिचारिकेच्या नाकास आपल्या पतीच्या अंगाला एक निराळा, कस्तुरीसारखा कुबट वास येऊ लागला. पतीस कंपवात असल्याचे निदान झाले ते त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्यात तोच वास सर्वांच्या अंगास येतो असे त्यांच्या लक्षात आले, आणि २०१२ साली त्यांनी ती गोष्ट एडिंबरो विद्यापीठातील डॉ. टिलो कुनाथ ह्यांना विचारली. परीक्षेसाठी बारा जणांचे घातलेले सदरे त्यांस हुंगावयास दिले. सहा रुग्णांचे, सहा निरोग्यांचे. त्यांनी सहाही रुग्ण ओळखले, फक्त निरोग्यांपैकी एकास रुग्ण म्हटले. आठ महिन्यांनी त्या गृहस्थासही कंपवाताचे निदान झाले! शास्त्रज्ञांचा तर्क होता की वास काखेत असेल. परंतु तो सापडला मानेच्या मागे व पाठीच्या वरच्या भागात, म्हणजे जेथे घाम नव्हे तर तेल अधिक तेथे. मँचेस्टर विद्यापीठाच्या पर्डिटा बॅरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीवरील ते तेल कापसाने टिपून तपासले, आणि रुग्णांच्या तेलात काही द्रव्यांचे प्रमाण निरोग्यांहून वेगळे असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध केले. २०२२ साली त्यांनी हीच तपासणी यंत्राने काही मिनिटांत करण्याची रीत मांडली. म्हणजे रोगात तेलाचे नुसते प्रमाण बदलत नाही, तर त्याचा घटकही बदलतो, आणि कदाचित हात कापू लागण्याच्या पुष्कळ आधीच बदलतो.

ही तपासणी अद्याप रुग्णालयांत नित्याची झालेली नाही. तशी जाहिरात करून कोणी पैसे मागू लागल्यास देऊ नयेत. निदान आजही डॉक्टरांनी रुग्णास चालवून, हात फिरवून, लिहावयास लावून होते, आणि त्यास पैसा थोडा व वेळ अधिक लागतो. आता श्रोत्यांपैकी कोणास काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे. ज्यांस सर्वांसमक्ष विचारण्याचा संकोच वाटेल, त्यांच्यासाठी फराळाच्या वेळी आम्ही मागल्या ओसरीवर बसणारच आहोत.